मधलं पाणी

मालवणच्या समुद्रात दहाएक मीटर खाली होतो. लाटेच्या हेलकाव्याने ढकलला गेलो आणि हात खडकावर घासला. खडकाला कालवं चिकटलेली. कालवाच्या शिंपेला काय धार असते ते खडपात अनवाणी फिरलेल्या कुणालाही विचारा. बोट चांगलंच कापलं. दुखलं फारसं नाही, पण बोटातून जे बाहेर यायला लागलं ते बघून दचकलो. काळपट हिरवा धूर. क्षणभर वाटलं, खडकावरचं शेवाळच लागलंय. वर येऊन होडीत बसलो, मास्क काढला, तर तेच बोट लालभडक आणि पायाखालच्या फळीवर टपटप लाल थेंब.

आयुष्यातले पहिले पाण्याखालचे फोटोही मी त्याच दिवशी काढले. साठेक असतील. घरी लॅपटॉपवर लावले, तर साठही एकाच रंगाच्या बादलीत बुचकळून काढल्यासारखे. आईने चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि विचारलं, "यात मासा कुठाय?" मासा होता. चांगला तीन मीटरवरून, नीट नेम धरून टिपला होता. आणि तीच तर चूक होती.

हिरवं रक्त आणि हरवलेला मासा, दोन्हींमागे कारण एकच : बघणारा आणि वस्तू यांच्या मधलं पाणी. जमिनीवर फोटो काढताना मधल्या हवेचा विचार कुणी करत नाही. पाण्याला मात्र विसरता येत नाही. ते हवेच्या सुमारे आठशेपट दाट आहे. ते रंग गिळतं, प्रकाश वाकवतं, कचरा तरंगत ठेवतं, कॅमेऱ्याच्या डबीवर दाब देतं आणि फोटोग्राफरला एका जागी स्थिर राहू देत नाही. पाण्याखालची फोटोग्राफी म्हणजे या पाण्याशी चाललेली घासाघीस. दुकानात मिळणारी महागडी उपकरणं आणि जुन्या डायव्हर्सच्या युक्त्या यांच्यात एकच विचार दिसतो, मधलं पाणी कमी कसं करायचं.

रंग कुठे जातात

सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात, हे शाळेतलं. पाण्यात शिरल्यावर ते सगळे सारखे टिकत नाहीत. लाल सगळ्यात आधी संपतो. अगदी शुद्ध पाण्यातही पाच मीटर खाली गेल्यावर लाल प्रकाशाचा पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही, दहा मीटरवर शंभरातले तीनचार भाग. मग नारिंगी जातो, मग पिवळा. निळा सगळ्यात चिवट. म्हणून अंदमान किंवा लक्षद्वीपचं स्वच्छ खोल पाणी निळं दिसतं. रक्त लाल दिसतं कारण ते लाल प्रकाश परत पाठवतं. तिथवर लाल पोचलाच नाही, तर ते परत पाठवणार काय?

खोल समुद्रातल्या कितीतरी कोळंब्या आणि मासे लालबुंद असतात, त्याचं गणितही हेच. जाळ्यात वर आल्यावर ते लग्नातल्या शालूसारखे उठून दिसतात. खाली, जिथे लाल प्रकाशच नाही, तिथे तो रंग काळा, म्हणजे लपायला उत्तम.

नवशिका फसतो तो पुढच्या पायरीवर. त्याला वाटतं, रंग फक्त खोलीमुळे जातात, म्हणजे वरवर राहिलं की झालं. पण प्रकाशाला आडवं काय आणि उभं काय, दोन्ही पाणीच. सहा मीटर खोलीवरचा मासा तुम्ही तीन मीटरवरून टिपलात, तर सूर्याचा किरण पृष्ठभागापासून माशापर्यंत सहा मीटर आणि माशापासून लेन्सपर्यंत आणखी तीन, असं नऊ मीटर पाणी कापून आलेला असतो. खोली बदलणं आपल्या हातात नसेलही, पण ते आडवे तीन मीटर आपलेच. माशाच्या जवळ जा, अर्धा मीटर ठेवा. फोटोत लगेच फरक दिसेल. पाण्याखाली झूम वापरू नये, असं जो तो सांगतो ते याचसाठी. झूमने मासा मोठा होतो, मधलं पाणी होतं तेवढंच राहतं.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. कोकणातल्या नद्या गाळ आणतात, कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अर्क आणतात, आणि पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचा नुसता सुकाळ असतो. त्यांतलं हरितद्रव्य लाल आणि निळा दोन्ही खातं, पिवळसर अर्क निळ्याला गिळतो. मधला हिरवा तेवढा उरतो. म्हणून अंदमानच्या फोटोंवर बेतलेले सल्ले मालवणात जसेच्या तसे चालत नाहीत. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यासोबत लाल फिल्टर मिळतो, तो निळ्या पाण्यासाठी असतो. हिरव्या पाण्याला मॅजेंटा, म्हणजे राणी रंगाच्या जवळचा फिल्टर लागतो. मी पहिलं वर्ष लाल लावून फिरलो आणि सगळे मासे कावीळ झाल्यासारखे घरी आणले.

आता कुणी म्हणेल, मला तर पाण्याखाली एवढं हिरवं दिसलं नव्हतं. बरोबर. मेंदू फार कनवाळू असतो. पाचदहा मिनिटं खाली राहिलात की तो त्या हिरव्याची सवय करून घेतो आणि पांढरी वाळू तुम्हाला पांढरीच वाटायला लागते. कॅमेऱ्याला अशी समजूत नाही. त्याला सांगावं लागतं की इथे पांढरं म्हणजे हे. त्यासाठी डायव्हर्स पांढरी प्लॅस्टिकची पाटी बरोबर नेतात, ती लेन्ससमोर धरून व्हाइट बॅलन्स बसवतात, आणि चारपाच मीटर वरखाली झाले की पुन्हा बसवतात. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेल्या कच्च्या रूपात, फोटो काढला तर हे काम नंतर घरीही होतं. पण त्यालाही हद्द आहे. कॅमेऱ्यापर्यंत लाल प्रकाश थोडा तरी आलेला हवा. पंधरा मीटरवरून काढलेल्या फोटोत लाल वाढवायला गेलात तर नुसते ठिपके वाढतात. चहात साखरच नसेल तर ढवळून तो गोड कसा होणार?

मग उपाय एकच, सूर्य बरोबर घेऊन जाणे.

आंबोलीतली हेडलाइट

पाण्याखालच्या फ्लॅशला स्ट्रोब म्हणतात. त्याचा प्रकाश पांढरा असतो आणि माशाच्या शेजारीच सुटतो, म्हणून सगळे रंग शाबूत असतात. एक मीटरवरच्या माशासाठी त्याला जाऊन-येऊन फक्त दोन मीटर पाणी कापायचं असतं. त्यापलीकडे, म्हणजे दीड-दोन मीटरवरच्या वस्तूसाठी, फ्लॅश मारला काय आणि न मारला काय. तपकिरी, मेंगळट वाटणाऱ्या खडकावर पहिल्यांदा स्ट्रोब मारल्यावर मागच्या पडद्यावर शेंदरी स्पंज, जांभळी चकती, हळदीसारखा पिवळा ठिपका असं काय काय उमटलं, ते बघून मी त्या खडकाकडे पुन्हा नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. खडक तसाच मेंगळट. तो खरा कसा दिसतो, हे तिथल्या माशांनीही कधी पाहिलं नसावं.

पण स्ट्रोब आला की नवं दुखणं सुरू होतं. पावसाळ्यात रात्री आंबोली घाट चढताना दाट धुक्यात गाडीची मोठी हेडलाइट लावून बघा. रस्ता दिसेनासा होतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिव्याचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून सरळ डोळ्यात परत येतो. पाण्यातही वाळूचे कण, सूक्ष्म जीव, कुजलेले तुकडे तरंगत असतात. कॅमेऱ्याला जोडून असलेला फ्लॅश लेन्सच्या दिशेनेच उजेड फेकतो, ते कण उजळतात आणि फोटोभर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. पाण्याखालच्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त शिव्या खाणारी गोष्ट हीच असावी.

घाटात आपण काय करतो? मोठी लाइट बंद, आणि खाली बंपरजवळचे फॉगलॅम्प लावतो. इथेही तेच. मोठ्या कॅमेऱ्यांना दोन्ही बाजूंनी खेकड्याच्या नांग्यांसारखे लांब हात फुटलेले दिसतात, त्यांच्या टोकाला स्ट्रोब असतात. ते बाजूला लांब ठेवायचे आणि त्यांची तोंडं जरा बाहेरच्या दिशेला वळवायची. मग प्रकाशाच्या झोताची फक्त कड माशावर पडते आणि लेन्स व मासा यांच्या मधलं पाणी अंधारात राहतं. कण तिथेच असतात, पण उजेड नसला की दिसत नाहीत. शिकताना प्रत्येक जण स्ट्रोब थेट माशाकडे रोखतो, कारण बुद्धीला तेच पटतं. हात आपसूक बाहेर वळायला मला दोन हंगाम लागले.

जवळ जाण्याने इथेही फायदा होतो, कारण मधलं पाणी कमी म्हणजे मधले कणही कमी. ढोबळ हिशेब असा : पाण्यात जेवढ्या अंतरापर्यंत दिसतं, त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतून फोटो काढावा. किनाऱ्याजवळ पाचएक मीटरपर्यंत दिसत असेल, तर एका मीटरच्या पलीकडचं काहीही कॅमेऱ्यात मागू नये.

वाटीतलं नाणं

वाटीच्या तळाशी नाणं ठेवून, ते दिसेनासं होईपर्यंत मागे सरकायचं आणि मग कुणीतरी वाटीत पाणी ओतलं की नाणं पुन्हा दिसायला लागतं. हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्याची ही करामत. पाण्याखालच्या कॅमेऱ्यातही हवा असते, कारण तो बंद डबीत, हाउसिंगमध्ये, असतो. म्हणजे प्रकाश पाण्यातून काचेत आणि काचेतून डबीतल्या हवेत येतो, आणि वाकतो.

डबीची पुढची काच सपाट असेल तर सगळ्या वस्तू तेहतीस टक्के मोठ्या आणि पाव अंतराने जवळ भासतात. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर आहे असं वाटतं. (डायव्हिंग मास्कची काचही सपाटच, म्हणून होडीत परतल्यावर प्रत्येकाचा मासा प्रत्यक्षाहून मोठा असतो. ती शुद्ध थाप नसते, थोडं भौतिकशास्त्रही असतं.) छोट्या गोष्टींच्या फोटोला, म्हणजे मॅक्रोला, ही फुकटची वाढ बरीच. पण वाइड लेन्सला ती मारक. हवेत ९० अंशांचा पसारा टिपणारी लेन्स सपाट काचेमागे जेमतेम ६४ अंश बघते, आणि फोटोच्या कोपऱ्यांत रंगांच्या झालरी फुटतात. पसारा कमी झाला की मोठी वस्तू मावायला मागे सरकावं लागतं. मागे सरकलं की मधलं पाणी वाढलं. आलं लक्षात?

म्हणून वाइड लेन्सपुढे घुमटासारखी गोल काच लावतात, तिला डोम पोर्ट म्हणतात. गोल काचेवर बाहेरचे किरण जवळजवळ काटकोनात येऊन पडतात आणि फारसे वाकत नाहीत, पसारा पूर्ण राहतो. पण ही काच आणि बाहेरचं पाणी मिळून स्वतःच एक लेन्स बनतात. वीस सेंटीमीटर व्यासाच्या डोममागून पाहिलं तर पाण्यातली लांबची वस्तूसुद्धा काचेपासून फक्त तीसएक सेंटीमीटरवर असल्यासारखी कॅमेऱ्याला दिसते. समोर अख्खं गलबत बुडालेलं असो, लेन्सने फोकस करायचा तो वीतभर पुढे. एवढ्या जवळ फोकस न होणारी लेन्स डोममागे निरुपयोगी ठरते. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

गळक्या डब्यांचा इतिहास

पाण्याखाली फोटो घ्यायचा जुन्यातला जुना प्रयत्न १८५६ सालचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथजवळ विल्यम थॉम्पसन या निसर्गप्रेमी गृहस्थाने कॅमेरा लाकडी पेटीत घालून सुमारे साडेपाच मीटर खोल सोडला. होडीतून दोरी ओढून पेटीची झडप उघडली आणि दहा मिनिटं वाट पाहिली. पेटीत पाणी शिरलं. तरीही काचेवर वाळू आणि समुद्री गवताची अंधुकशी छाया उमटली. या कलेची सुरुवातच गळक्या डब्यापासून झाली, हे वाचून मला स्वतःच्या बाबतीत फार हायसं वाटलं होतं. का, ते पुढे येईलच.

स्वतः पाण्यात उतरून फोटो काढणारा माणूस म्हणजे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ. साल १८९३, जागा फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचं बान्यूल्स-सुर-मेर. भाऊ ऑग्यूस्त अभियंता होता, त्याने डबी बनवून दिली. बुताँ जाडजूड डायव्हिंग सूट आणि पितळी शिरस्त्राण घालून तळाशी उतरायचा, कॅमेरा मांडायचा आणि उघडा ठेवायचा. एकेका फोटोला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे. तोवर मासा काय थांबतो! म्हणून त्याने दिवा आणला. तोही कसा, तर दोनशे लिटरच्या पिंपात प्राणवायू भरून, वर काचेच्या घंटेखाली स्पिरिटचा दिवा, आणि त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकायची. लख्ख उजेड पडायचा. असला पिंप समुद्रात उतरवायला छाती लागते.

रंगीत फोटोसाठी त्याहून भयंकर प्रकार झाला. १९२६ साली फ्लोरिडाच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी विल्यम लाँगली हा शास्त्रज्ञ आणि नॅशनल जिओग्राफिकचा छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड ठेवली. खाली लाँगलीने कॅमेऱ्याची कळ दाबली की वर तराफ्यावर भडका. त्या उजेडात हॉगफिश नावाच्या माशाचा रंगीत फोटो निघाला आणि जानेवारी १९२७ च्या अंकात छापला गेला. या उद्योगात लाँगली एकदा चांगलाच भाजला.

डबीची कटकट संपवली ती डबीलाच कॅमेरा बनवून. फ्रेंच समुद्रसंशोधक जाक-इव्ह कुस्तो यांच्यासाठी बेल्जियन अभियंता जाँ द वूतेर याने 'कॅलिप्सो' हा मुळातच पाणी न शिरणारा कॅमेरा तयार केला. तो पुढे निकॉनने घेतला आणि १९६३ पासून 'निकॉनॉस' या नावाने विकला. २००१ पर्यंत तो बनत होता. रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि पाण्याखाली रोल बदलता येत नाही. छत्तिसावा फोटो काढून झाल्यावर समोरून देवमासा जाण्याची चिंता आजच्या पिढीला कळणार नाही.

आजच्या हाउसिंगमध्येही पाण्याला बाहेर ठेवणारी वस्तू असते ती एक साधी रबरी वळी, ओ-रिंग. दहा मीटर खोल गेलं की दर चौरस सेंटीमीटरवर जवळपास एक किलोचा जादा भार येतो. फोनच्या आकाराच्या डबीची पाठ साधारण १३० चौरस सेंटीमीटर असते, म्हणजे तिच्यावर १३० किलो, दोन माणसं उभी राहिल्यासारखी. गंमत अशी की हा दाब वळीला आणखी घट्टच बसवतो. डबी गळते ती बहुतेक वेळा उथळ पाण्यात, उतरल्या उतरल्या. कारण खोलीचं नसतंच, वळीवर राहिलेल्या वाळूच्या कणाचं असतं.

माझ्या बाबतीत तो कण नव्हता, माझाच पांढरा केस होता. पहाटेच्या होडीसाठी घाईघाईत, लॉजच्या चाळीस वॅटच्या पिवळ्या बल्बखाली वळीला सिलिकॉन ग्रीस लावलं, डबी मिटवली. दोन मीटरवर गेलो आणि डबीच्या कोपऱ्यातून साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे एकामागून एक वर जाताना दिसले. आत काचेमागे पाण्याची रेघ हलत होती, लेव्हल बघायच्या नळीत हलते तशी. लेन्स खाली करून, पाणी पुढच्या काचेत साचेल असं धरून वर आलो. तोवर बॅटरीने राम म्हटला होता. आता मी वळी रात्री जेवणानंतर, पांढऱ्या कापडावर, विजेरीच्या उजेडात तपासतो आणि त्या वेळी घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. डबीतली हवा आधीच थोडी ओढून घेऊन गळती सांगणारे पंप मिळतात. ज्याचा कॅमेरा महाग आहे त्याने घ्यावा.

शरीर हाच तिवई

एवढं सामान जमवूनही फोटो हलतो, कारण धरणारा हलतो. माझं मत विचाराल तर पाण्याखालच्या फोटोग्राफीतला अर्धा भाग फोटोग्राफीचा नाहीच, बॉयन्सीचा आहे. बॉयन्सी साधणं म्हणजे तरंगतही नाही आणि बुडतही नाही अशा अवस्थेत लटकून राहणं. कमरेला शिसाच्या वजनांचा पट्टा, अंगात हवा भरायचं जाकीट, आणि बारीक तोल सांभाळायला स्वतःची फुप्फुसं. श्वास घेतला की शरीर हळूच वर जातं, सोडला की खाली. फोटो स्थिर यावा म्हणून श्वास रोखायचा मोह होतो, आणि स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. रोखलेल्या श्वासासकट वर सरकलात तर दाब कमी होऊन आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून सावकाश, लांब श्वास सोडत कळ दाबायची.

वेळही मोजकाच असतो. बारा लिटरचं सिलिंडर दोनशे बारपर्यंत भरलं की त्यात सुमारे २४०० लिटर हवा मावते. वर मिनिटाला वीस लिटर पुरते, दहा मीटरवर दुप्पट लागते. थोडी शिल्लक राखायची म्हटलं तर पाऊण तास. त्यात मासे धावत शोधायला गेलात तर हवाही संपते आणि हाती फक्त शेपट्यांचे फोटो लागतात. माशाचा पाठलाग केला की तो पळणार, हे मांजरालाही कळतं.

त्यामुळे मी आता एक खडक निवडतो आणि तिथेच थांबतो. एकदा अशाच एका रिकाम्या कालवाच्या शिंपेत करंगळीएवढा मासा बसलेला दिसला. ब्लेनी जातीचा. तोंड थेट खाडीतल्या निवटीसारखं : डोळे वर, जिवणी रुंद, चेहऱ्यावर कायमची तक्रार. मी दिसताच आत. दोन हात मागे लटकून राहिलो. तीनेक मिनिटांनी एक डोळा बाहेर आला. माझा बुडबुड्यांचा आवाज झाला, डोळा आत. मग मी श्वास आणखी हळू केला आणि एका श्वासाला चार बोटं, असा पुढे सरकत गेलो. वीस मिनिटांनी लेन्स त्याच्यापासून वीतभर अंतरावर होती आणि तो पूर्ण डोकं बाहेर काढून काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर डाफरत होता. त्याच्या डोळ्यांवर पिसासारख्या बारीक झिरमिळ्या असतात, त्यांच्या टोकांचा लाल रंग मला स्ट्रोबच्या उजेडातच कळला. तेवढे सात फोटो. त्या दिवशी दुसरं काही काढलं नाही.

या लटकण्याला आणखी एक कारण आहे. बॉयन्सी नसलेला फोटोग्राफर आधारासाठी हात टेकतो, गुडघे टेकतो, पायातले फिन मागच्या प्रवाळावर आपटतात. धोंड्यासारखं गोल वाढणारं प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढतं. एका लाथेत मोडलेला हातभर तुकडा म्हणजे आपल्या आजोबांच्या वेळेपासूनची वाढ. शिवाय कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडा हे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या शेजारी. पर्यटकाच्या हातात पाव देऊन भोवती माशांचा घोळका जमवायचा आणि फोटो काढून द्यायचा, हा प्रकार मला अजिबात पटत नाही. फोटो छान येतो. पण पट्टेरी मासे पावासाठी माणसाच्या तोंडावर येतात, आणि खडकावरचं शेवाळ खायचं काम राहून जातं.

पाणी काही देतंही

आतापर्यंत पाण्याची नुसती गाऱ्हाणी सांगितली. पण दोन गोष्टी फक्त पाणीच देतं. एकदा पाठ तळाकडे करून वर बघा. शांत पाणी असेल तर डोक्यावर उजेडाचं गोल झरोकं दिसतं आणि त्याच्याबाहेर सगळीकडे काळसर आरसा. या झरोक्याचा कोन सुमारे ९७ अंश, आणि त्यात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश कोंबलेलं असतं. किनाऱ्यावरचे माड, होडीचा तळ, वाकून बघणारा नावाडी, सगळे कडेने गोल उभे. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, म्हणून हे घडतं. याला स्नेलची खिडकी म्हणतात. तिच्यासमोरून मासा किंवा डायव्हर गेला की काळी आकृती मिळते. इथे ना रंग लागतो, ना स्ट्रोब. गढूळ दिवशी मी हाच उद्योग करतो आणि फोटो सरळ कृष्णधवल करून टाकतो.

दुसरं, अर्धं पाणी अर्धं आकाश असलेला फोटो. वर सिंधुदुर्गाचा तट, खाली खडकावरचे मासे. बघायला सोपा, काढायला छळवादी. वर तट शेकडो मीटरवर, खाली डोममुळे सगळं वीतभर अंतरावर, दोन्ही एकदम फोकसमध्ये आणायचं. म्हणून लेन्सचं छिद्र एफ-११ किंवा एफ-१६ इतकं बारीक ठेवायचं, आणि डोम जितका मोठा तितकं बरं. लाटेने काचेवर थेंब राहतात. त्यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे काचेवर थुंकून चोळणे आणि बुडवून लगेच काढणे, म्हणजे पाण्याचा पातळ पापुद्रा एकसंध राहतो. महागड्या काचेवर थुंकणारा माणूस बघून होडीतले पर्यटक काय म्हणत असतील, त्याची मी आता पर्वा करत नाही.

फोनवर सुरुवात करायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका. फोन 'वॉटरप्रूफ' असल्याची चाचणी साठलेल्या गोड्या पाण्यात झालेली असते, खाऱ्या पाण्यात नाही. शिवाय पाण्यात टचस्क्रीन बोटाला ओळखत नाही, त्यामुळे बाहेरून दाबायची बटणं असलेली कडक डबीच हवी. वर आल्यावर ती गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची. मीठ सुकलं की ते बटणांत काचेसारखं घट्ट बसतं.

आणि कधी जायचं? पावसाळ्यात अर्थातच नाही. नद्यांचा गाळ बसायला दिवाळी उलटून जाते, डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात बरं. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, तेव्हा पाणी निवळतं. म्हणून मी सुट्टी टाकताना ऑफिसचं कॅलेंडर नाही, कालनिर्णय बघतो. वेळ सकाळी नऊनंतरची. सूर्य खाली असला की बराचसा उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरतो.

१८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने पांढरी थाळी दोरीला बांधून भूमध्य समुद्रात सोडली आणि ती कुठवर दिसते त्यावरून पाणी किती नितळ ते मोजलं. ती थाळी आजही त्याच कामासाठी वापरतात. मी ज्यांच्या होडीतून जातो त्या काकांकडे थाळी नाही. ते नांगर टाकतात, कडेला ओणवे होतात, आणि दोरीबरोबर खाली जाणाऱ्या त्या लोखंडाकडे बघत राहतात. नांगर लगेच गडप झाला तर दोरी ओढायला घेतात. "आज पाणी साफ नाय. उद्या येवा." मागच्या पौषात त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. मी वळी पुन्हा एकदा तपासत होतो.

"नांगर दिसता मा?" मी विचारलं.

"दिसता," काका म्हणाले. "उतरा."